वाचन सुटलंय? आधी डोळे तपासा, मग मन

‘हल्ली वाचनच होत नाही’ असं म्हणणाऱ्याच्या घरी पुस्तकं नसतात असं नाही. कपाटात चांगली चाळीस-पन्नास असतात, त्यातली आठ-दहा आणल्यापासून उघडलेली नसतात, आणि उशाशी एक असतं, ज्यातली खूण तिसऱ्या प्रकरणात कधीची अडकून बसलेली असते. इच्छाही अगदीच मेलेली नसते. तरी पान उलटत नाही. अशा माणसाला मिळणारे सल्ले ठरलेले: रोज तीस पानं वाचा, वर्षाला पन्नास पुस्तकांचा संकल्प सोडा, मोबाइल लांब ठेवा. ताप कशाने आलाय हे न बघता गोळी देण्यातला हा प्रकार. वाचन सुटण्याची कारणं मोजकीच असतात, पण प्रत्येकाचं औषध वेगळं असतं. आणि एक गोष्ट सगळ्यांना सारखीच लागू पडते: आवड परत येते ती वाचायला लागल्यावर, आधी नाही. म्हणून तिची वाट बघत बसण्यात अर्थ नसतो. वाचन नेमकं कुठे अडलंय ते शोधायचं आणि तेवढीच जागा मोकळी करायची.

पहिला संशय डोळ्यांवर घ्यावा. चाळिशी लागते ती साधारण चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान, आणि ती इतकी हळू लागते की लक्षातच येत नाही. आधी पुस्तक नकळत थोडं लांब धरलं जातं. मग संध्याकाळच्या उजेडात पाच-सहा पानांनंतर डोकं जड व्हायला लागतं. सकाळी खिडकीशी बसून तेच पुस्तक व्यवस्थित वाचता येतं, कारण भरपूर उजेडात बाहुली बारीक होते आणि जवळचं जरा स्पष्ट दिसतं. देवनागरीत हा त्रास आधी जाणवतो तो अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांमध्ये. ‘द्ध’ की ‘ध्द’, ‘ष्ठ’ की ‘ष्ट’ हे डोळा ओळखत नाही, मेंदू अंदाजाने भरून काढतो, आणि ती दमणूक आपण ‘मन लागत नाही’ या खात्यात टाकतो. त्याच वेळी मोबाइलवर मात्र तासभर वाचन चालतं, कारण तिथे अक्षर मोठं करता येतं आणि मागून प्रकाश असतो. मग माणूस स्वतःला व्यसनी ठरवून मोकळा होतो. प्रत्यक्षात त्याला हवा असतो चष्मा.

चाळिशीचा नंबर बहुधा +१.०० च्या आसपास सुरू होतो आणि साठीपर्यंत +२.५० च्या घरात जातो. म्हणजे पाच वर्षांपूर्वीचा वाचनाचा चष्मा आज कमी पडत असण्याची शक्यता दाट. तपासायला जाल तेव्हा पुस्तक आपण किती अंतरावर धरतो ते आधी घरी पट्टीने मोजून जा. पुस्तक साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरवर असतं आणि कॉम्प्युटर ६० ते ७० वर. दोन्हींसाठी एकच नंबर बसेल असं नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे तयार चष्मे तात्पुरते ठीक, पण त्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो. दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील किंवा सिलिंडरचा (डोळ्याच्या वक्रतेतल्या दोषासाठीचा) नंबर असेल तर त्या चष्म्याने डोकं आणखी दुखेल.

प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेतून लांबचं आणि जवळचं दाखवणारा चष्मा असणाऱ्यांची अडचण वेगळीच. या काचेत जवळचं बघायचा भाग अगदी खाली असतो. खुर्चीत बसून, मान सरळ ठेवून, नजर खाली वळवून वाचलं तर उत्तम दिसतं. पण उशीला टेकून पुस्तक डोळ्यांसमोर धरलं की नजर जाते काचेच्या मधल्या किंवा वरच्या भागातून, आणि ते भाग मधल्या आणि लांबच्या अंतरासाठी असतात. मग हनुवटी वर करून वाचायचं, मान आखडायची, आणि दहा मिनिटांत पुस्तक छातीवर पालथं. अंथरुणात वाचायची सवय असेल तर निव्वळ जवळच्या नंबरचा एक साधा, स्वस्तातला चष्मा वेगळा करून घ्यावा आणि तो पुस्तकातच ठेवावा. वाचनावर केलेला याहून फायद्याचा खर्च दुसरा सापडणं कठीण आहे, पुस्तकं धरून.

उजेडाचंही तसंच. आपल्याकडच्या दिवाणखान्यात ट्यूब भिंतीवर असते आणि सोफा नेमका अशा जागी असतो की पुस्तकावर आपल्याच डोक्याची सावली पडते. सात ते नऊ वॉटचा एलईडी बल्ब आणि मान वळणारा टेबललॅम्प, खांद्याच्या मागून, उजेड पानावर पडेल पण डोळ्यांत येणार नाही असा, एवढं पुरतं. रात्रीसाठी पिवळसर बल्ब बरा. गुळगुळीत कागदावर दिवा चमकतो, तेव्हा पुस्तक जरा तिरकं धरा.

डोळे आणि दिवा ठीक असूनही वाचन होत नसेल तर मग वेळेकडे यायचं. इथे ‘वेळ मिळत नाही’ हे उत्तर घाईचं आहे. पूर्वी वाचन दिवसाच्या कुठल्या भागात व्हायचं ते आठवून बघा. डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणाऱ्याचा प्रवासात तास-सव्वातास जातो. बसायला जागा मिळाली तर एका फेरीत वीस-पंचवीस पानं सहज व्हायची. अशा माणसाने घरून काम सुरू केलं, किंवा बदली होऊन तो स्वतःची गाडी चालवत जायला लागला, की वाचन बंद. ते त्याच्या स्वभावात नव्हतंच, लोकलच्या त्या बाकावर होतं. कुणाचं दुपारी जेवणं आटोपल्यावर दोन ते साडेतीन या वेळात होतं, तिथे मुलांची शाळा सकाळची झाली आणि ती वेळ गेली. कुणाचं कॉलेजच्या वाचनकक्षात होतं. जागा गेली हे लक्षातच येत नाही, आणि माणूस स्वतःला आळशी म्हणत राहतो.

नवी वेळ ‘काढायची’ म्हटली की ती दोन आठवड्यांत बुडते. त्यापेक्षा रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाच्या शेपटीला वाचन बांधावं. सकाळचा पहिला चहा हे सगळ्यात भरवशाचं ठिकाण, अट एवढीच की फोन हातात यायच्या आधी. मुलाला पोहायला किंवा तबल्याच्या क्लासला सोडून बाहेर बसणाऱ्या पालकांकडे आठवड्यातून दोन-तीनदा पाऊणएक तास बांधलेला असतोच. स्वयंपाकघरात कुकर लावल्यापासून वाफ जिरेपर्यंत वीसेक मिनिटं मिळतात. पुस्तक मात्र ओट्याजवळच्या फळीवर, पिशवीत, स्कूटरच्या डिकीत, म्हणजे जिथे ती वेळ आहे तिथेच हवं. आतल्या खोलीतून आणायला उठावं लागलं की बेत फसला.

रात्री झोपताना वाचायचं हा सगळ्यांचा पहिला विचार, आणि पुन्हा सुरुवात करणाऱ्यांसाठी सर्वांत वाईट. दिवसभर दमलेल्या माणसाने आडवं होऊन वाचलं तर चौथ्या पानाला झोप लागते. त्यात वाईट काही नाही, पण दुसऱ्या दिवशी ती चार पानं आठवत नाहीत, परत तीच वाचावी लागतात, आणि आठवडाभरात पुस्तक कंटाळवाणं आहे असा निकाल लागतो. बिचाऱ्या पुस्तकाचा काही दोष नसतो. रात्रीच वाचायचं असेल तर जेवणानंतर लगेच, बसून, अंथरुणाबाहेर.

थोडा हिशेब करू. नेहमीच्या डेमी आकाराच्या मराठी पुस्तकाच्या पानावर अडीचशे-तीनशे शब्द असतात. सवय तुटलेल्या माणसाला एका पानाला सुरुवातीला अडीच-तीन मिनिटं लागतात. रोज पंधरा मिनिटं म्हणजे सहा पानं, महिन्याला १८०. एक पुस्तक. एवढंच ठरवावं. तीस पानांचा नियम केला की पाहुणे आले त्या दिवशी तो मोडतो, दुसऱ्या दिवशी साठ पानांचं कर्ज डोक्यावर बसतं, आणि चौथ्या दिवशी माणूस पुस्तकाकडे बघायचंच टाळतो. राहिलेली पानं पुढच्या दिवशी कधीही जोडू नयेत.

पहिल्या आठवड्यात मन दर अर्ध्या पानाला पळतं. बैठक मोडलेली असते, ती अशीच जमते. ओळीखाली पोस्टकार्डाएवढा जाड कागद धरून तो खाली सरकवत वाचलं तर डोळा भरकटत नाही. लहान मुलांची युक्ती आहे म्हणून लाजू नये. दुसरं म्हणजे पहिली दोन पानं मोठ्याने वाचायची. स्वतःचा आवाज कानावर पडला की लक्ष तिकडेच राहतं, आणि मराठी गद्य, विशेषतः बोलीतलं, मोठ्याने वाचल्यावर जास्त लवकर पकडतं. मालवणी किंवा अहिराणी संवाद डोळ्यांनी वाचताना अडखळायला होतं, कानाला ते पटकन कळतात.

आता पुस्तक कुठलं. इथे भल्याभल्यांचं चुकतं. वाचन परत सुरू करायचं म्हणून लोक कपाटातली सर्वांत जाड, सर्वांत मानाची, ‘अजून वाचली नाहीस?’ असं ज्याने-त्याने विचारलेली कादंबरी काढतात. सातशे पानं, बारीक टाइप, मनगट दुखेल असं वजन. हे पुस्तक वाचायचं असतं, पण पाचवं किंवा सहावं म्हणून. पहिलं पुस्तक १२० ते १६० पानांचं, मोठ्या टाइपाचं आणि सहा ते दहा पानांच्या प्रकरणांचं असावं. आधी वाचलेलं आणि आवडलेलं असेल तर त्याहून चांगलं. पुनर्वाचन म्हणजे फसवणूक, असं काहींना का वाटतं कळत नाही. गोष्ट माहीत असल्यामुळे मध्ये दोन दिवस गेले तरी धागा तुटत नाही, आणि पहिल्या वेळी निसटलेली वाक्यं आता दिसतात.

कथासंग्रह की कादंबरी, हे तुमचं वाचन कुठे मोडतं त्यावर ठरवा. वाचायला बसल्यावर सतत कुणीतरी हाक मारतं, उठावं लागतं, अशी तक्रार असेल तर कथा, ललित लेख, व्यक्तिचित्रं किंवा पत्रं घ्या, पंधरा मिनिटांत काहीतरी पुरं होतं. पण सुरुवातच जड जाते, एकदा रमलं की मग चालतं, असा स्वभाव असेल तर कथासंग्रह उलट त्रासाचा. त्यात दर बारा पानांनी नव्या माणसांशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते. अशांना एखादी सरळ, वेगाने जाणारी कादंबरी बरी. रहस्यकथा असेल तरी हरकत नाही, नाक मुरडणाऱ्यांना मुरडू द्या.

अनुवादित पुस्तकांबाबत थोडं सावध राहा. चांगले अनुवाद मराठीत भरपूर आहेत, पण घाईत केलेलेही आहेत, आणि त्यात प्रत्येक वाक्य दोनदा वाचावं लागतं. वाचणाऱ्याला वाटतं, आपलीच एकाग्रता गेली. दुकानात किंवा वाचनालयात उभ्या उभ्या पहिलं पान वाचा, मग साठाव्या पानाच्या आसपासचं एक वाचा. पहिल्या पानावर सगळेच मेहनत घेतात, खरी भाषा मध्ये कळते. दोन्हींकडे वाक्य एका दमात समजलं तर घ्या. आणि घेतलेलं पुस्तक पंचवीस पानांत धरत नसेल तर बिनदिक्कत बाजूला ठेवा. रोज पन्नास पानं वाचणाऱ्याने शंभर पानं धीर धरावा. सहा पानंवाल्याचे तेवढ्यात दोन-अडीच आठवडे जातात, आणि नावडत्या पुस्तकात इतके दिवस गेले की वाचनच पुन्हा सुटतं.

दिवाळी अंक या कामासाठी फार सोयीचे आहेत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कथा, लेख, कविता, व्यंगचित्रं असा सरमिसळ ऐवज एकाच ठिकाणी मिळतो. कुठूनही उघडा, काहीही वगळा, कुणी विचारत नाही. बहुतेक वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरून पुढचे काही महिने अंक आलटूनपालटून नेता येतात. दहा अंक विकत घेऊन गठ्ठा करण्यापेक्षा हे शहाणपणाचं, कारण गठ्ठा झाला की तो पुढच्या दिवाळीपर्यंत तसाच राहतो. परदेशी राहणाऱ्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सामानातून चार अंक मागवून तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या चार घरांत फिरवले तर वजनाचंही गणित बसतं.

आणि वाचनालयाचं सदस्यत्व. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं, रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८चं. ही नावं मोठी, पण १९६७च्या ग्रंथालय कायद्यानंतर गावोगावी अ, ब, क, ड वर्गांतली अनुदानित वाचनालयं उभी राहिली, आणि तुमच्या घरापासून चालत जाता येईल असं एखादं असण्याची शक्यता बरीच आहे. अनामत रक्कम एकदा आणि वर्गणी महिन्याची किंवा वर्षाची. वाचनालयाचा खरा उपयोग स्वस्ताईत नाही, परतीच्या तारखेत आहे. विकत घेतलेलं पुस्तक कधीही वाचता येतं, म्हणून कधीच वाचलं जात नाही. आणलेलं पुस्तक पंधरा दिवसांनी परत करायचं असतं. पुस्तकाच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर मारलेला तारखेचा शिक्का कुठल्याही ॲपपेक्षा जास्त काम करतो. एका वेळी एक पुस्तक आणि जमल्यास एक मासिक, एवढंच आणा. तारीख आली आणि पुस्तक अर्धं असेल तर मुदत एकदा वाढवून घ्या, दुसऱ्यांदा नको. दुसऱ्यांदा वाढवावंसं वाटलं तर ते पुस्तक तुमचं नाही. देवघेवीच्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाशी बोलत जा. ‘काहीतरी चांगलं द्या’ म्हणाल तर तो सगळ्यांना देतो तेच देईल. ‘शेवटचं हे वाचलं, हे आवडलं, दीडशे पानांच्या आत हवं’ असं सांगाल तर नेमकं हातात येईल.

जवळ वाचनालय नसेल तर सोसायटीत ग्रंथपेटी फिरवता येते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेत पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. घरगुती पातळीवर सात-आठ कुटुंबांनी प्रत्येकी तीन पुस्तकं घातली तरी पेटी उभी राहते. फसते ती एकाच कारणाने: नोंदवही ठेवायची जबाबदारी कुणाचीच नसते. एकाकडे वही द्या आणि पुस्तक बदलायचा वार ठरवा.

फोनबद्दल सगळ्यांना सगळं माहीत आहे, म्हणून थोडक्यात. तो वाचायच्या खोलीत नको, पालथा ठेवलेलासुद्धा नको. ‘गजर लावायला लागतो’ ही सबब मोडायला दोन-तीनशे रुपयांचं गजराचं घड्याळ आणा. फोनवरच वाचायचं असेल तर विमानातला मोड लावून. मराठीतली मोफत ई-पुस्तकं बरीचशी पीडीएफमध्ये असतात, आणि पीडीएफ फोनच्या पडद्यावर म्हणजे शिक्षा: प्रत्येक ओळ डावी-उजवी सरकवत बसायचं. तशी पुस्तकं टॅबवर वाचा. ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावर मराठी पुस्तकं २०१६च्या अखेरपासून मिळतात. तिथे अक्षर इंग्रजीसाठी ठेवता त्यापेक्षा एक-दोन पायऱ्या मोठं ठेवा, नाहीतर मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत जातात.

ऐकण्याचा पर्याय चांगला, पण तो वाचनाची जागा भरून काढत नाही. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकण्याचं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं आणि मराठी ऐकणारा मोठा वर्ग तयार झाला. भाजी निवडताना, चालायला जाताना, गाडी चालवताना कथा-कादंबऱ्या छान ऐकता येतात. वैचारिक लेखन कानाने पोचत नाही, मागे जाऊन वाक्य पुन्हा सहज बघता येत नाही ना. आणि ऐकल्याने पुस्तकांशी नातं टिकतं, डोळ्यांची बैठक मात्र त्याने जमत नाही. पहिली दोन प्रकरणं ऐकून पुढचं छापील पुस्तकात वाचायचं, हा जोड जमून जातो.

मध्ये खंड पडणारच. गणपती, लग्नसराई, दहावी-बारावीचं वर्ष, घरातलं आजारपण. त्याची तयारी आधीच करून ठेवावी. खुणेसाठी चिठ्ठीऐवजी कोरं कार्ड वापरा आणि त्यावर माणसांची नावं नात्यांसह लिहीत जा. मराठी कादंबरीत आबा, अण्णा, दादा, भाऊ असे चौघं एकाच वाड्यात असतात, तीन आठवड्यांनी कोण कुणाचा कोण हे कुणालाच आठवत नाही. कार्ड असेल तर दोन मिनिटांत उलगडतं. परत सुरू करताना पहिल्या पानापासून नको, खुणेच्या आधीच्या दहा पानांपासून करा. खंड दोन महिन्यांहून मोठा असेल आणि कार्ड वाचूनही माणसं डोळ्यांसमोर येत नसतील तर ते पुस्तक कपाटात परत ठेवा, आणि त्या आठवड्यासाठी एखादी वीस पानांची कथा काढा.